लाँड्रीशेजारचं याकितोरीचं दुकान, आणि आईला तिथे नेऊ का?

रात्रपाळी
नमस्कार मंडळी. तोक्योत निशी-कासाईला येऊन मला सहा वर्षं झाली. स्टेशनवरून घरी यायचा रस्ता पायांना पाठ झालाय. सुपरमार्केट, सलून, नाणी टाकून चालणारी लाँड्री, आणि लाँड्रीला चिकटून एक बुटकं सरकतं दार, वर लाल कागदी कंदील. त्या दारावरून रोज गेलो, आत कधी गेलो नाही. बाहेर मेनू नाही, आतलं काही दिसत नाही, नुसता हसण्याचा आवाज आणि धूर. शिवाय माझं जपानी म्हणजे मीटिंगमध्ये मान हलवण्यापुरतं.

गेल्या गुरुवारी घरचं वॉशिंग मशीन बसलं म्हणून लाँड्रीत गेलो. ड्रायरला ४० मिनिटं, बाहेर पाऊस, पोटात कावळे. म्हटलं फार तर हाकलून देतील, आणि सरकवलं दार.

दुकान याकितोरीचं, म्हणजे काडीला टोचून निखाऱ्यांवर भाजलेल्या कोंबडीचं. आत मोजून आठ स्टुलं. सत्तरीचे एक आजोबा डोक्याला टॉवेल बांधून शेगडीसमोर, आणि बाकीचं सगळं बघणाऱ्या त्यांच्या बाई. शेगडी म्हणजे लांबट अरुंद पन्हाळच. काडीचं मांसाचं टोक निखाऱ्यांवर, धरायचं टोक बाहेर, त्यामुळे काडी जळत नाही. आजोबांच्या एका हातात पंखा, दुसऱ्या हाताने एकेक काडी फिरवतायत, मधूनच एखादी उचलून शेजारच्या काळ्या मडक्यात बुडवून परत ठेवतायत. भिंतीवरच्या पट्ट्या मला वाचता येईनात म्हणून शेजारच्या काकांच्या ताटलीकडे बोट दाखवलं. कोंबडीच्या मांडीचा तुकडा, मग कांद्याच्या जाड पातीचा पांढरा तुकडा, परत मांडी. वर नुसतं मीठ. ती पात बाहेरून करपलेली आणि आतून इतकी रसाळ की टाळू भाजला तरी थांबलो नाही. पाच काड्या, एक बिअर आणि न मागता आलेली एक वाटी मिळून १,८५० येन. कपडे दीड तासाने आठवले.

आता मूळ प्रश्न. पुढच्या महिन्यात डोंबिवलीहून आई-बाबा येतायत. बाबा सगळं खातात. आई शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, पण आम्ही खाताना शेजारी बसायला तिची ना नसते. मला दोघांनाही तिथे न्यायचंय. आईला काय खाता येईल? की माझा हट्टच चुकतोय? अनुभवी लोकांनी सांगा. (दुकानाचं नाव विचारू नये.)

भटकभवानी
वाचतेय. फोटो नाही तर धागा बाद.

फुकटफौजदार
नाव विचारू नये म्हणे. लाल कंदील, शेजारी लाँड्री, निशी-कासाई. माझा मावसभाऊ तिथेच राहतो, रविवारपर्यंत पत्त्यासकट टाकतो इथे.

रात्रपाळी
फौजदार, निशी-कासाईत लाँड्र्या किती आहेत ते आधी त्याला विचारा. भवानीताई, फोटो नाही काढला. आठ माणसांत मोबाईल बाहेर काढायची लाज वाटली.

ओसाकाकर
अभिनंदन, सहा वर्षं फुकट घालवलीत 😄

तुम्ही खाल्लंत ते नेगिमा. मोमो म्हणजे नुसती मांडी, त्सुकुने म्हणजे खिम्याचे गोळे, कावा म्हणजे कातडी, रेबा म्हणजे कलेजी, हात्सु म्हणजे हृदय, सुनागिमो म्हणजे पेटा, नानकोत्सु म्हणजे कुरकुरीत कूर्चा, आणि बोंजिरी म्हणजे शेपटाकडचा चरबीचा तुकडा, जो एका कोंबडीत एकच असतो त्यामुळे उशिरा गेलात तर संपलेला असतो, सात वाजता जाऊन आधी तो मागायचा आणि मग बाकीचं. प्रत्येक काडीला "शिओ की तारे" असं विचारतात. शिओ म्हणजे मीठ. तारे म्हणजे सोया सॉस, मिरिन (स्वयंपाकातली गोड दारू), साके (तांदळाची दारू) आणि साखर आटवून केलेला दाटसर रस, म्हणजेच तुम्ही बघितलेलं ते काळं मडकं. ते कधी रिकामं करत नाहीत, रोज वरून भर घालतात. काड्या बुडवून बुडवून कोंबडीचा रस त्यात उतरत जातो.

न मागता आलेली वाटी म्हणजे ओतोशी. बसण्याचं भाडं समजा. फसवलं असं समजू नका, पण बिलात लागतं.

माझा नियम: कलेजी आणि त्सुकुने तारे, बाकी सगळं शिओ.

कोळीवाडा
पेटा मिठात? वा. आमच्याकडे पेटा-कलेजी म्हणजे आलं-लसूण, हिरवं वाटण, सुकं. नुसत्या मिठात पेट्याला वास नाही का येत?

ओसाकाकर
ताजा असेल तर नाही. ह्या लोकांचं सगळं त्यावरच उभं आहे, मसाला नाही म्हणजे लपवायला जागा नाही. करकरीत लागतो. एकदा खाऊन बघा, मग वाटण घाला हवं तर.

अण्णा_वाई
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. शाकाहारी आईला आठ स्टुलांच्या खोलीत कोंबडी भाजण्याच्या धुरात नेऊन बसवायचं कशाला? आई नाही म्हणणार नाही, पण तो तुमचा हट्ट झाला. तिला बागेत न्या, समुद्र दाखवा, कासाई-रिंकाईला पेंग्विन बघायला न्या. बाबांना घेऊन तुम्ही दोघं जाऊन या.

चिंगी_ठाणे
अण्णांना +१. माझ्या सासूबाईंना मी असंच हौसेने नेलं होतं, इथे नाही, सिंगापूरला. त्या दोन तास सरबतावर बसून होत्या आणि वर "छान आहे हो" म्हणत होत्या. अजून अंगावर काटा येतो.

मंजिरी_के
मी शाकाहारी, जपानमध्ये नऊ वर्षं काढली, त्यामुळे ह्या विषयात माझं ऐका. याकितोरीच्या दुकानात रामेनच्या दुकानापेक्षा आपलं बरं चालतं. रामेनमध्ये रस्साच हाडांचा. इथे काडीवर काय टोचलंय ते डोळ्यांना दिसतं. शिशितो (लांबट, तिखट नसलेल्या मिरच्या, पण दहात एखादी निघते तिखट), शिइताके, एरिंगी (दोन्ही अळंबी), नुसती पात, आणि ऑक्टोबर असेल तर गिन्नान, म्हणजे गिंकोच्या झाडाच्या हिरव्या बिया, मीठ लावून भाजलेल्या. गिन्नान दहाबाराच्या वर खायच्या नाहीत, जास्त झाल्या तर बाधतात.

आता खाचाखोचा. एक, सगळं शिओ सांगायचं, तारे अजिबात नाही, कारण वर ओसाकाकरांनी सांगितलंच की त्या मडक्यात काय उतरलंय. दोन, "मी शाकाहारी" असं नुसतं सांगून उपयोग नाही. समोरचा मान डोलावतो आणि दाशीत, म्हणजे माशाच्या पाण्यात, शिजवलेलं काहीतरी आणून ठेवतो, त्यात त्याचा काही दोष नाही, दाशी त्याच्या दृष्टीने मासा नाहीच. तीन, थंड तोफू मागवलं तर वर कात्सुओबुशी भुरभुरलेलं येतं, ते माशाचं असतं, म्हणून "कात्सुओबुशी नुकी" म्हणायचं. नुकी म्हणजे ते वगळून. हा एक शब्द पाठ केलात तर जपानात उपाशी मरणार नाही. चार, ओतोशीची वाटी आईसमोरून उचलून बाबांसमोर ठेवायची.

भाजीभोवती बेकन गुंडाळलेल्या काड्याही असतात, टोमॅटो, अस्पॅरागस वगैरे. लांबून भाजी दिसते. बघून घ्या.

आणि शेगडी एकच असणार, जाळी नसते, भाज्या कोंबडीच्या शेजारीच भाजणार. ते चालेल का हे आईलाच विचारा, आम्हाला नको.

रात्रपाळी
मंजिरी, दंडवत. "नुकी" हाताच्या तळव्यावर लिहून ठेवतो.

अण्णा, तुमचं पटत नाही असं नाही. पण आई घरी बसून "तुम्ही जाऊन या रे" म्हणणार, आणि ते मला आयुष्यभर ऐकायचंय का, असा प्रश्न आहे.

नुसतावाचक
पुण्यात कुठे मिळतं का?

फुकटफौजदार
पुण्यात मिळतं, पण काडी १ ते ४ बंद असते.

नुसतावाचक
😂😂 हहपुवा

शेगडी
सगळे कोंबडीवर बोलतायत, कोळशावर कुणीच नाही. रात्रपाळी, आजोबा कोणता कोळसा वापरतात?

रात्रपाळी
बिनचोतान असणार ना? याकितोरीला तोच लागतो असं वाचलंय.

शेगडी
लागतो असं काही नाही. हॉटेलांच्या पाटीवर असतो.

बिनचोतान म्हणजे उबामेगाशी जातीच्या ओकचा कोळसा. सगळ्यात नावाजलेला किशूचा, म्हणजे आताचं वाकायामा, आणि तोसाचा, म्हणजे कोची. भट्टी शेवटी १,००० अंशांच्या आसपास नेतात, लालभडक कोळसा बाहेर ओढतात आणि ओलसर माती-राखेखाली विझवतात. म्हणून तो वरून पांढुरका दिसतो. एकमेकांवर आपटलात तर धातूसारखा टणत्कार येतो. पेटायला फार वेळ घेतो, पण पेटला की तासनतास एकसारखी आच देतो आणि स्वतः धूर जवळजवळ करत नाही. तुम्हाला दिसतो तो धूर कोळशाचा नसतोच, निखाऱ्यावर चरबी टपकते तिचा असतो. चव त्यातूनच लागते.

पण तो महाग. १७० येनला काडी विकणारा गल्लीतला माणूस रोज अस्सल किशू जाळत असेल ह्यावर माझा विश्वास नाही. बहुतेक ओगातान असेल. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या कांड्यांचा कोळसा, मधे आरपार भोक असतं. पुढच्या वेळी भोक बघा. गॅसवर भाजणारेही कितीतरी आहेत.

कोळीवाडा
ओक, भोक... आमच्या नाक्यावरचा कणीसवाला बिचारा साधा कोळसा आणि तुटका पंखा घेऊन तेच करतो, वर लिंबू-तिखट-मीठ घासून देतो.

शेगडी
कोळीवाडा, चेष्टा नका समजू, तत्त्व अगदी तेच. पंख्याने नुसता निखारा फुलवत नाहीत, ज्वाळा उठली की ती बाजूला सारतात. ज्वाळेने काजळी धरते. कणीसवाला कणीस सारखं फिरवत का बसतो? त्याच कारणाने.

पन्हाळा४१
भाजण्यावरून पोपटीची आठवण आली. अलिबागकडे थंडीत मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, मीठ-ओवा लावलेली कोंबडी भरून मडकं उपडं ठेवून वर आग पेटवतात. त्यापुढे काड्या वगैरे...

भटकभवानी
आली पोपटी. कुठल्याही धाग्यात डिसेंबरच्या आधी पोपटी आणायची नाही असा नियम करा राव, भूक लागते.

इतिहासाचा_तास
अवांतर आहे, पण गंमत बघा. ज्या देशाची आज ह्या काड्यांसाठी ओळख आहे तिथे इसवी सन ६७५ मध्ये सम्राट तेन्मूने गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खायला बंदी घातली होती. बंदी सगळ्यांनी सगळा काळ पाळली असं नाही, रानपाखरं लोक खातच होते. क्योतोत फुशिमी इनारीच्या देवळाबाहेर काडीवर भाजलेल्या चिमण्या मिळत. मेइजी सम्राटाने १८७२ मध्ये बीफ खाल्लं ते मुद्दाम जाहीर केलं. कोंबडीचं मांस त्यानंतरही बरीच वर्षं महागच होतं, त्यामुळे हातगाडीवाले आतडी, कलेजी, उरलंसुरलं टोचून विकत. १९२३ च्या भूकंपानंतर तोक्योत अशा गाड्या वाढल्या. १९६० च्या दशकात ब्रॉयलर आली आणि कोंबडी खऱ्या अर्थाने स्वस्त झाली. म्हणजे ही आजोबांची पिढी.

अण्णा_वाई
चिमण्या?? कसले लोक.

कोळीवाडा
अण्णा, आपल्याकडे तित्तर-लाव्हे कोण खात होतं?

ओसाकाकर
अजून एक इशारा. याकितोरी लिहिलंय म्हणजे कोंबडीच असेल असं नाही. होक्काइदोत मुरोरानला याकितोरी म्हणजे डुक्कर आणि कांदा, वर मोहरी. साइतामात हिगाशी-मात्सुयामाला डुकराच्या डोक्याचं मांस, वर तिखट मिसो (सोयाबीनचं आंबवलेलं वाटण). फुकुओकात तर कोंबडीच्या दुकानात पहिली काडी डुकराच्या पोटाची मागतात. ज्यांना डुक्कर चालत नाही त्यांनी "तोरी?" (कोंबडी ना?) असं विचारून घ्यावं.

पन्हाळा४१
कागोशिमात कच्ची कोंबडी खातात हे खरं का?

ओसाकाकर
खरं. तोरिसाशी, वरवर भाजून आतून कच्ची. मी नाही खाल्ली, खाणार नाही, विषय संपला. तोक्योतसुद्धा सासामी (छातीचा तुकडा) बऱ्याच ठिकाणी आतून गुलाबी देतात. "योकु याइते" म्हणायचं, चांगली भाजून द्या. आजोबा तोंड वाकडं करतील, करू देत.

चिंगी_ठाणे
काडीवरून खायचं की चॉपस्टिकने काढून ताटलीत? आमचा एक जपानी सहकारी सगळ्या काड्या आल्या आल्या सोलून वाटून टाकायचा.

मंजिरी_के
अगंबाई. त्यावरून तिथे भांडणं होतात. दुकानदारांचं म्हणणं, आम्ही एकेक तुकडा वजन बघून टोचतो, सोललात की निवतो आणि रस जातो. ऑफिसच्या पार्टीत मात्र सगळे सोलतात, नाहीतर पाच माणसांत तीन काड्या कशा वाटणार. काउंटरवर बसलात तर काडीवरूनच खा, रिकाम्या काड्या समोरच्या नळकांड्यात.

फुकटफौजदार
मावसभावाचा रिपोर्ट: लाल कंदिलाची तीन दुकानं सापडली, लाँड्रीशेजारी एकही नाही. रात्रपाळी खोटं बोलतायत किंवा भाऊ पहिल्याच दुकानात बसून परत आला.

रात्रपाळी
दुसरी शक्यता जास्त 😄

पण नाव का सांगत नाही ते सांगून टाकतो, दोघांनी व्यनित (व्यक्तिगत निरोपात) विचारलं. इथे आपली माणसं किती आहेत ते माहितीच आहे. २०१९ साली ह्याच एदोगावा वॉर्डात योगेंद्र पुराणिक नगरसेवक म्हणून निवडून आले. म्हणजे धागा वाचून शनिवारी सहा जण पोचणं काही अवघड नाही. आठ स्टुलं आहेत. त्यातली चार रोजच्या चार म्हाताऱ्यांची. आपण सहा जण "भैया और एक प्लेट" करत बसलो की ते चौघं दारातून परत जाणार.

भटकभवानी
हे काही पटलं नाही. आजोबांना गिऱ्हाईक नको असतं का? चार म्हाताऱ्यांवर दुकान किती वर्षं चालेल? आमच्या गिरगावातली खानावळ "आपली" म्हणून सगळ्यांनी जपली, कुणाला सांगितली नाही, आणि एक दिवस शटर बंद.

ओसाकाकर
दोघांचंही बरोबर. सहा जणांनी एकदम जाऊ नये, दोघादोघांनी जावं. दुकान सगळीकडे सारखं नसतं. एकदा एका पर्यटकांच्या गल्लीत मला न मागितलेल्या तीन डिश आणि "सीट चार्ज" लावून ९,००० येनला कापलंय. त्यानंतर आजोबा-आजी दिसले तरच आत जातो.

रात्रपाळी
धागा वर काढतोय. आई-बाबा आलेत, आणि गेलो एकदाचे तिघं, मंगळवारी सहा वाजता, गर्दीच्या आधी.

आईला आधीच सगळं सांगितलं होतं, शेगडी एकच आहे हेसुद्धा. ती म्हणाली, "मला काय त्यात बसायचंय का, मी स्टुलावर बसणार ना?" आत गेल्यावर मी पाठ केलेलं वाक्य आजोबांना म्हटलं. जपानीत स्वतःच्या आईला "हाहा" म्हणतात, त्या गोंधळात त्यांना वाटलं मी हसतोय. पण आजींना कळलं. त्यांनी आईची वाटी स्वतःच उचलून नेली आणि मिठाची काकडी आणून दिली. शिशितो, शिइताके, पात, गिन्नान, सगळं शिओ. आजोबांनी शेगडीचं डावं टोक रिकामं केलं, तिथल्या विटा सरकवल्या, आणि आईच्या काड्या तिथेच भाजल्या. मी सांगितलं नव्हतं. आईला चौथ्या मिरचीला ठसका लागला, मंजिरी, दहातली ती एक तिच्याच वाट्याला. बाबांनी सहा बोंजिरी मागितल्या, दोन मिळाल्या, संध्याकाळभर तेवढंच दुःख.

शेगडी, तुमचं खरं निघालं. भोक आहे. ओगातान. मी आजोबांना विचारलं तर हसले आणि मागच्या फळीवरून वेताच्या पेटीतल्या पाचसहा पांढुरक्या कांड्या काढून दाखवल्या, एकमेकांवर आपटल्या, टण्ण. आजींनी सांगितलं की त्या फक्त नवीन वर्षाला.

अण्णा, धूर होताच. आईच्या शालीला अजून वास आहे.

अण्णा_वाई
बरं झालं. आई काय म्हणाल्या पण? मिरची सोडून.

रात्रपाळी
खाण्याबद्दल फार काही नाही. गिन्नान "उकडलेल्या फणसाच्या आठळीसारखी, पण छोटी" म्हणाली. तिचं लक्ष शेगडीकडेच होतं. आम्ही निघेपर्यंत चार म्हातारे येऊन गेलेले, आजोबांनी आवरायला घेतलं. चिमट्याने एकेक जिवंत निखारा उचलून मातीच्या मडक्यात टाकला आणि वर घट्ट झाकण ठेवलं. आई एकदम म्हणाली, "अरे, हे तर मोठ्या काकूंचं." तिच्या माहेरी, राजापूरकडे, रात्री चुलीतले निखारे असेच मडक्यात कोंडून विझवायचे म्हणे, आणि ते कोळसे सकाळी बंबात. मी आजींना खुणेने विचारलं. उद्या हेच आधी पेटवतात, नवे पेटायला फार वेळ लागतो.

शेगडी
हिकेशित्सुबो. त्या मडक्याला तेच म्हणतात. हवा तोडली की निखारा विझतो, राख होत नाही. एकदा जळून विझलेला कोळसा लवकर धरतो.

कोळीवाडा
आणि बाबांना उरलेल्या चार बोंजिरी कधी देताय?

रात्रपाळी
परवा. साडेपाचलाच जाऊन उभे राहणार आहेत ते, मला ऑफिस आहे म्हटलं तर "पत्ता दे" म्हणाले.

फुकटफौजदार
त्यांचा नंबर व्यनि करा.